मेंदूत गाठ का होते? मोबाइलपासून जनुकांपर्यंत, कशाला किती पुरावा आहे

सावरी (धागाकर्ती)

माझ्या दादाला ग्लायोब्लास्टोमा (मेंदूतला कॅन्सर) झाल्याचं निघालं. ऑपरेशन झालंय, रेडिएशन आणि केमो चालू आहे. उपचारांसाठी आमचे डॉक्टर आहेत, तो विषय इथे नको. धागा कारणांबद्दल आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना एक कारण ठेवून जातो. सतत मोबाइल कानाला असायचा. फार ताण घ्यायचा. लहानपणी डोक्यावर पडला होता ना? मायक्रोवेव्ह वापरता का? दादा मुकाट्याने ऐकतो आणि सगळे गेले की वहिनीला विचारतो, "माझं नक्की काय चुकलं?"

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की एका पेशंटपुरतं कारण सांगता येत नाही. तेवढ्यावर माझं समाधान होईना, म्हणून वाचत सुटले. हाती लागलं ते मांडते. जाणकारांनी भर घालावी, आणि कुठे घसरले असेन तर मन न राखता सांगावं.

मेंदूची गाठ हा एकच आजार नाही. शंभराहून जास्त प्रकार आहेत. फुप्फुसाचा, स्तनाचा किंवा त्वचेचा कॅन्सर मेंदूत पसरून होणाऱ्या गाठी तर मेंदूतच सुरू होणाऱ्या गाठींपेक्षा जास्त आढळतात, आणि त्यांचं कारण त्या मूळ अवयवात शोधायचं असतं. डोक्यातच सुरू होणाऱ्यांमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो मेनिन्जिओमा. तो मेंदूच्या आवरणातून वाढतो आणि बहुतेक वेळा कॅन्सर नसतो. ग्लायोमा मेंदूच्या आत वाढतात, आणि ग्लायोब्लास्टोमा हा त्यातला सगळ्यात उग्र. मेनिन्जिओमा बायकांमध्ये जास्त, ग्लायोमा पुरुषांमध्ये जास्त. म्हणजे सगळ्यांना लागू पडेल असं एक कारण मिळणारच नाही.

निर्विवाद कारण म्हणून सगळीकडे पहिलं नाव येतं ते एक्स-रेसारख्या आयनीकारक किरणांचं. हे कळलं कसं, ती हकीकत अंगावर येते. १९४८ ते १९६० या काळात इस्राएलमध्ये स्थलांतरित कुटुंबांतल्या सुमारे १०,८०० मुलांच्या डोक्याला नायट्यासाठी एक्स-रे दिले गेले. केस गळून पडले की बुरशीही जाते, अशी तेव्हाची सर्वमान्य पद्धत होती. पुढे ही मुलं मोठी झाल्यावर त्यांची तुलना किरण न मिळालेल्यांशी केली, तेव्हा मेनिन्जिओमा साडेनऊ पट आणि ग्लायोमा अडीच पटींच्या वर आढळला. हा निष्कर्ष १९८८ मध्ये छापून आला. ल्युकेमियासाठी (रक्ताच्या कॅन्सरसाठी) लहानपणी डोक्याला रेडिएशन घेतलेल्यांमध्ये आणि हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांमध्येही हीच दिशा दिसते.

दुसरं म्हणजे काही आनुवंशिक विकार: न्यूरोफायब्रोमॅटोसिसचे दोन प्रकार, ली-फ्रॉमेनी सिंड्रोम, ट्यूबरस स्क्लेरोसिस, फॉन हिप्पेल-लिंडाऊ. पण हे सगळे दुर्मीळ. ग्लायोमाच्या शंभर पेशंटांपैकी घराण्यात दुसऱ्या कुणाला ग्लायोमा असलेले जेमतेम पाच निघतात. तिसरं, एचआयव्ही किंवा अवयवरोपणानंतरच्या औषधांमुळे प्रतिकारशक्ती खालावली असेल तर मेंदूतला लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) होण्याचा धोका.

ठाम म्हणावी अशी यादी जवळपास इथेच संपते. दादाला यातलं काहीच लागू नाही. मग उरलेल्या एवढ्या लोकांना हा आजार होतो कसा? आणि मोबाइलचं काय ते एकदा नीट कळू दे.

वाटसरू

वाखूसा (वाचनखूण साठवली). दादांना लवकर आराम पडो.

मोबाइलबद्दल मात्र मनात आहेच. २०११ साली खुद्द जागतिक आरोग्य संघटनेने 'कॅन्सर होऊ शकतो' म्हटलं होतं. आगीशिवाय धूर निघत नाही.

आकडेमोड

@वाटसरू, ते म्हणणं आयएआरसीचं, म्हणजे संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेचं. ही संस्था धोका किती मोठा ते सांगत नाही, पुरावा किती पक्का ते सांगते. तंबाखू, दारू, अॅस्बेस्टॉस, एक्स-रे हे पहिल्या गटात. मोबाइलच्या रेडिओलहरी '२ब' गटात: पुरावा तुटपुंजा, पण शक्यता पुसून टाकता येत नाही. २०२३ मध्ये अॅस्पार्टेम हे गोडी आणणारं रसायनही याच गटात टाकलं. बातमीत मात्र 'डब्ल्यूएचओचा इशारा' एवढंच येतं.

तो तुटपुंजा पुरावा मुख्यतः इंटरफोन नावाच्या पाहणीतला. १३ देश, निष्कर्ष २०१० मध्ये. ग्लायोमा झालेल्यांना आणि न झालेल्यांना विचारलं, तुम्ही फोन किती वापरायचा? उत्तरांवरून काय निघालं, तर नियमित वापरणाऱ्यांना ग्लायोमा १९ टक्के कमी! मोबाइल मेंदूचं रक्षण करतो असं कुणी म्हणणार नाही, म्हणजे खोट पाहणीच्या रीतीतच आहे. सगळ्यात जास्त बोलणाऱ्या दहाव्या हिश्श्यात ४० टक्के वाढ दिसली, बातम्या झाल्या त्या एवढ्याच आकड्याच्या. पण या हिश्श्यात दिवसाला ५ तासांहून जास्त बोलायचो असं सांगणारेही होते, आणि काळ तर कॉलचे पैसे मिनिटागणिक मोजले जाण्याचा. आजारी माणूस कारण शोधतच असतो. गाठ उजवीकडे असेल तर फोनही उजव्या कानालाच लावायचो असं त्याला आठवतं. तो खोटं बोलत नसतो, त्याची आठवणच तशी जुळून येते. इंटरफोनच्या संशोधकांनी स्वतःच लिहिलं होतं की या त्रुटींमुळे त्या वाढीला कारण म्हणता येत नाही.

म्हणून आठवणीवर विसंबून न राहणाऱ्या पाहण्या बघायच्या. डेन्मार्कमध्ये १९८२ ते १९९५ दरम्यान मोबाइल जोडणी घेतलेल्या ४ लाख २० हजार लोकांची नावं कंपन्यांच्या यादीतून घेतली आणि ती कॅन्सरच्या राष्ट्रीय नोंदींशी ताडून पाहिली. वाढ नाही. ब्रिटनमध्ये ७ लाख ७६ हजार बायकांना आधी प्रश्न विचारले आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्या तब्येतीचा माग ठेवला. २०२२ चा निष्कर्ष: रोज वापरणाऱ्या आणि कधीच न वापरणाऱ्या यांच्यात मेंदूच्या गाठींचा फरक नाही. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेला मोठा आढावा आला. त्यात १० वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांमध्येही संबंध दिसला नाही.

आणि सगळ्यात साधा पुरावा कुणीही तपासू शकतो. नव्वदच्या दशकात मूठभरांकडे असलेला फोन आज जवळपास सगळ्यांच्या हातात आहे. धोका दुप्पट असता तर कॅन्सरच्या नोंदींचा आलेख एव्हाना उभा चढला असता. ज्या देशांत अशा नोंदी अनेक दशकं काटेकोर ठेवल्या जातात तिथे ग्लायोमाची रेषा जवळपास सपाट आहे.

तिरकस

आकडे छान. पण या पाहण्यांना पैसे कोण पुरवतं तेही लिहा की. आणि अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाला त्यात ट्यूमर सापडले, त्याबद्दल अवाक्षर नाही.

आकडेमोड

लिहितो. इंटरफोनला काही पैसा मोबाइल उद्योगाकडून आला होता, मधे तटस्थ यंत्रणा ठेवून. ब्रिटनच्या बायकांची पाहणी सरकारी आणि धर्मादाय पैशावर चालते. कॅन्सर नोंदणी करणाऱ्या कारकुनाला तर पेशंटकडे कुठला फोन होता हेच माहीत नसतं. तिन्हीकडून उत्तर एकाच बाजूला झुकत असेल तर पैशाची शंका किती ताणायची ते ज्याचं त्याने ठरवावं.

उंदरांचा प्रयोग अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमचा, अंतिम अहवाल २०१८ चा. मोठ्या जातीच्या उंदरांना दोन वर्षं, रोज ९ तास, सगळ्या अंगावर लहरी दिल्या. नरांच्या हृदयात श्वानोमा, म्हणजे नसांच्या आवरणातल्या गाठी, वाढले, याला त्यांनी 'स्पष्ट पुरावा' म्हटलं. मेंदूतल्या ग्लायोमाबद्दल 'काहीसा पुरावा'. माद्यांमध्ये तसं चित्र नाही. आणि गंमत म्हणजे लहरी मिळालेले नर लहरी न मिळालेल्यांपेक्षा जास्त जगले. प्रयोग टाकाऊ नाही, तो झाला ते बरंच झालं. पण त्यावरून माणसाच्या कानाशी धरलेल्या फोनपर्यंत एका उडीत पोचता येत नाही.

यामागचं पदार्थविज्ञानही बघा. एक्स-रेचा एक फोटॉन डीएनएमधले बंध तोडू शकतो. मोबाइलच्या लहरीच्या फोटॉनची ऊर्जा साध्या दिव्याच्या उजेडाच्या फोटॉनपेक्षा लाखो पटींनी कमी असते. तिने ऊतक किंचित तापतं, बंध तुटत नाहीत. मायक्रोवेव्हलाही हेच लागू. 'रेडिएशन' या एकाच शब्दात सगळं कोंबल्यामुळे निम्मा घोळ होतो.

पेशीवाला

मी पॅथॉलॉजीत काम करतो, दिवसभर स्लाइडा बघणं हाच धंदा. सावरीताईंचा दुसरा प्रश्न मी घेतो. बाहेरचं कारण सापडत नसेल तर गाठ होते कशी?

पेशी दुभंगताना सुमारे ३०० कोटी अक्षरांची पोथी नकलून काढावी लागते. नक्कल करणारी यंत्रणा विलक्षण चोख आहे, चुका तपासून दुरुस्त करणारी प्रथिनंही आहेत, तरी थोड्या चुका सुटतातच. बहुतेक निरुपद्रवी. पण पेशीची वाढ सुरू करणाऱ्या किंवा थांबवणाऱ्या जनुकात चूक झाली, तर ती पेशी शेजारणींपेक्षा पुढे निघते. एका चुकीने कॅन्सर होत नाही. १९७१ मध्ये आल्फ्रेड नडसन यांनी रेटिनोब्लास्टोमा या लहान मुलांच्या डोळ्यातल्या कॅन्सरवरून दाखवलं की गाठ व्हायला त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. आनुवंशिक रूपात एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते, म्हणून गाठ लवकर होते आणि पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत. ली-फ्रॉमेनी कुटुंबांत हाच प्रकार टीपी५३ या, गाठींना आवर घालणाऱ्या जनुकाचा.

मोठ्यांच्या गाठींत असे बिघाड एकावर एक साचत जावे लागतात. वय हे सगळ्यात मोठं जोखमीचं कारण आहे ते म्हणूनच. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशंटांचं निदानाच्या वेळचं मधलं वय साठीच्या पुढे असतं.

ग्लायोमाबद्दल गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे कळलं ते थक्क करणारं आहे. २००८ मध्ये आयडीएच१ या जनुकातला बदल सापडला. हे जनुक पेशीच्या चयापचयाचं, कॅन्सरशी त्याचा संबंध असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बदल झाला की त्याचं एन्झाइम २-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचा पदार्थ बनवू लागतं, आणि तो साचला की कुठली जनुकं उघडी ठेवायची आणि कुठली बंद, याची खूणगाठच विस्कटते. हा बदल तरुण पेशंटांच्या, तुलनेने सावकाश वाढणाऱ्या ग्लायोमात सापडतो. ग्लायोब्लास्टोमात तो नसतो. २०२१ च्या वर्गीकरणाप्रमाणे तर तो सापडला तर त्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणतच नाहीत. तिथे वेगळा संच दिसतो: ईजीएफआर या वाढीच्या जनुकाच्या भरमसाट प्रती, १० क्रमांकाचं गुणसूत्र गमावलेलं, ७ क्रमांकाचं एक जास्त, टर्ट नावाच्या जनुकाचा स्विच चालूच राहिलेला.

२०१८ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी गाठीपासून दूर, मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला मूलपेशी असतात तिथलं निरोगी दिसणारं ऊतक तपासलं. पुष्कळ पेशंटांमध्ये गाठीतल्या काही म्यूटेशन (जनुकांतले बदल) तिथे आधीच होत्या. म्हणजे सुरुवात एका जागी, गाठ दुसऱ्याच जागी. पहिलं लक्षण दिसायच्या कितीतरी आधी, कसलीही चाहूल न लागू देता हे घडून गेलेलं असतं. दादांनी गेल्या दोन-चार वर्षांत काय केलं किंवा केलं नाही, याच्याशी त्याचा संबंध जोडायला मला स्लाइडवर कधी काही दिसलेलं नाही.

मुलांच्या गाठींची गोष्ट आणखी निराळी. त्यांत म्यूटेशन फार थोड्या असतात. मेंदू घडत असताना वाढीचा जो टप्पा संपायला हवा तो काही पेशींमध्ये संपतच नाही, आणि गाठ होते. तिथे जीवनशैली वगैरे शब्द काढायचेसुद्धा नाहीत.

वाटसरू

म्हणजे शेवटी नशीब. मागे एक बातमी होती, 'दोन तृतीयांश कॅन्सर केवळ दुर्दैवाने होतात'.

पेशीवाला

बऱ्याच अंशी हो, निदान ग्लायोमापुरतं तरी. ती बातमी २०१५ च्या टोमासेट्टी आणि फोगेलश्टाइन यांच्या लेखावरची.

आकडेमोड

इथे मी पेशीवाल्यांशी असहमत. त्या लेखात तसं म्हटलेलंच नव्हतं. त्यांनी वेगवेगळ्या ऊतकांची तुलना केली. मोठ्या आतड्यात कॅन्सर जास्त आणि लहान आतड्यात फार कमी, असं का? तर मूलपेशी किती वेळा दुभंगतात याच्याशी हा फरक बराचसा जुळतो. ऊतकाऊतकांतल्या फरकाचा दोन तृतीयांश भाग त्याने समजतो. 'दोन तृतीयांश पेशंट दुर्दैवी' हे त्यातून निघत नाही. पुढे २०१७ मध्ये त्याच लेखकांनी लिहिलं की म्यूटेशनांपैकी ६६ टक्के नक्कल करतानाच्या चुका, पण त्याच लेखात हेही आहे की कॅन्सर टाळता येणं ही वेगळी बाब. पाच म्यूटेशन लागत असतील आणि त्यातल्या दोन धुरामुळे होत असतील, तर धूर बंद केला की गाठ टळते, उरलेल्या तीन चुका झाल्या तरी.

शिवाय म्यूटेशन असणं म्हणजे कॅन्सर असणं नव्हे. २०१५ मध्ये निरोगी माणसांच्या पापण्यांची त्वचा तपासली तर तिथे कॅन्सरची म्हणून ओळखली जाणारी म्यूटेशन पेशींच्या मोठ्या हिश्श्यात सापडली. माणसं ठणठणीत. मग काहींमध्येच पुढे पेटतं कशाने? फुप्फुसाबाबत याचं उत्तर २०२३ मध्ये मिळालं. हवेतले सूक्ष्म कण नवी म्यूटेशन फारशी करतच नाहीत. ते दाह निर्माण करतात, आणि वर्षानुवर्षं गप्प बसलेल्या ईजीएफआर म्यूटेशनवाल्या पेशी त्या दाहाने वाढीला लागतात. मेंदूत असा एखादा घटक असेलही, आज हाती नाही. पण 'नशीब' म्हटलं की शोधच थांबतो.

पेशीवाला

शोध थांबवा असं मी कुठे म्हटलं? मुद्दा एवढाच की आज ज्याला कारण माहीत नाही त्याच्या माथी कारण मारू नये. पापण्यांचं उदाहरण मला मान्य. मात्र पापणीला ऊन लागतं, मेंदूला लागत नाही.

अवांतर: शरीर मोठं तर पेशी जास्त, आणि पेशी जास्त तर कॅन्सर जास्त असायला हवा. हत्तीला मात्र कॅन्सर कमी होतो. २०१५ मध्ये निघालं की आपल्याकडे टीपी५३च्या दोन प्रती असतात, हत्तीकडे ४०.

तिरकस

बाकी कॅन्सरची कारणं तर भराभर सांगता तुम्ही लोक. मेंदूच्याच वेळी हात वर का?

आकडेमोड

भराभर काही कळलेली नाहीत. पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये लंडनमधल्या धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या वृषणकोशाच्या कॅन्सरचा संबंध काजळीशी जोडला. काजळीसारख्याच डांबराने प्राण्यात मुद्दाम कॅन्सर घडवून दाखवायला यामागिवा आणि इचिकावा यांना १९१५ उजाडलं, तेही सशांच्या कानाला महिनोन्‌महिने डांबर चोळल्यावर. सिगारेट आणि फुप्फुस यांचा संबंध डॉल आणि हिल यांनी १९५० मध्ये मांडला आणि तो पचायला आणखी एक पिढी गेली. सिगारेट सापडली कारण तिचा परिणाम प्रचंड होता. ओढणाऱ्याला धोका दीडपट नव्हे, पंधरा-वीस पट. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे तर जवळजवळ प्रत्येक वेळी एचपीव्ही विषाणू सापडतो. हाराल्ट त्सुर हाउजेन यांना त्यासाठी २००८ चं नोबेल मिळालं.

मेंदूच्या बाबतीत असं ढळढळीत काही नाही. सिगारेटचासुद्धा ग्लायोमाशी ठाम संबंध दिसत नाही. आजार विरळ आहे: २०२२ मध्ये जगात कॅन्सरचे सुमारे २ कोटी नवे पेशंट, त्यातले मेंदू आणि मज्जारज्जूचे ३ लाख २० हजारांच्या आसपास. त्यात पुन्हा उपप्रकार. आणि पाहणीतली एक अडचण तर क्रूर आहे. ग्लायोब्लास्टोमाचा पेशंट मुलाखत द्यायच्या अवस्थेत फार काळ नसतो, आजार स्मृतीवरच घाला घालतो. मग नातेवाइकांना विचारायचं, आणि त्यांना वीस वर्षांपूर्वीचं काय आठवणार?

धागे हाती लागतात ते असे. गाभण उंदरीला एथिलनायट्रोसोयुरिया हे नायट्रोसो रसायन दिलं तर पिलांना हमखास मेंदूच्या गाठी होतात, पण माणसात नायट्रोसो संयुगांबद्दल तसं सिद्ध झालेलं नाही. उलट दिशेचा एक धागा जास्त पक्का: दमा, गवतज्वर, एक्झिमा अशी अॅलर्जी असलेल्यांना ग्लायोमा कमी होतो, आणि हे पाहण्यांमागून पाहण्यांत दिसलंय. त्यांची प्रतिकारयंत्रणा जास्त सावध असते म्हणून की आणखी कशाने, यावर वाद चालू आहे.

सावरी

अॅलर्जीचं माहीत नव्हतं. दादाला कधी साधी शिंकही येत नाही :)

डोक्याला मार आणि ताण, यांचंही सांगाल का? घरात यावरच सगळ्यात जास्त बोललं जातं.

आकडेमोड

मार: डेन्मार्कमध्येच डोक्याला मार लागून दवाखान्यात दाखल झालेल्या दोन लाखांहून जास्त लोकांचा माग काढला. पहिल्या वर्षी मेंदूच्या गाठी खूप जास्त निघाल्या, नंतर ग्लायोमाचं प्रमाण इतरांइतकंच. कारण उघड आहे. मार लागला म्हणून स्कॅन झाला आणि आधीपासून असलेली गाठ दिसली. काही जण तर गाठीमुळे तोल जाऊनच पडलेले असतात.

ताण: नोकरीतल्या ताणावर युरोपातल्या १२ पाहण्या एकत्र करून १ लाख १६ हजार लोकांचा हिशेब २०१३ मध्ये मांडला गेला. आतडं, फुप्फुस, स्तन, प्रोस्टेट, चारही कॅन्सरांशी संबंध नाही. त्यात मेंदू नव्हता, हे आधीच सांगतो. पण ताणाने ग्लायोमा होतो असं म्हणणाऱ्याकडे याच्या तोडीचं काही असेल तर आणावं.

गुलबक्षी

मी मेनिन्जिओमावाली. ऑपरेशन होऊन गेलं, बरी आहे. हा प्रकार बायकांत जास्त का, यावर इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मेनिन्जिओमाच्या पेशींवर बहुतेक वेळा प्रोजेस्टेरॉन या स्त्री-हार्मोनला प्रतिसाद देणारे रिसेप्टर असतात. सायप्रोटेरोन अॅसिटेट हे हार्मोनसारखं औषध मोठ्या डोसमध्ये वर्षानुवर्षं घेतलं तर मेनिन्जिओमाचा धोका वाढतो हे आता पक्कं आहे. २०२० मध्ये युरोपात त्याच्या वापरावर बंधनं आली. औषध थांबवलं की कित्येकींची गाठ वाढायची थांबते, कधी आकसतेसुद्धा. २०२४ मध्ये फ्रान्समधून आणखी एक पाहणी आली, ऑपरेशन झालेल्या १८ हजारांवर बायकांची. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं गर्भनिरोधक इंजेक्शन वर्षभराहून जास्त घेणाऱ्यांत धोका साडेपाच पटीच्या आसपास. लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या हार्मोन-कॉपरटीसारख्या साधनात मात्र वाढ दिसली नाही. म्हणजे सगळी हार्मोन्स एका मापाने मोजायची नाहीत.

हे वाचून कुणी आपापलं इंजेक्शन बंद करू नये. मुळात धोका इतका लहान आहे की साडेपाच पट होऊनही तो लहानच राहतो. डॉक्टरांशी बोला, बस.

आणि मी स्वतः? यातलं एकही औषध मी कधी घेतलेलं नाही. तरी झाला. एका डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "तुम्ही फार विचार करता का?" तेव्हा चिडले होते, अजूनही चिडते.

चिमणदाणा

धागा वाचून धास्तावले आहे. लेक पडला होता तेव्हा डोक्याचा सिटी स्कॅन केला. सिटी स्कॅनमध्ये एक्स-रेच असतात ना? मग त्या इस्राएलच्या मुलांसारखं?

पेशीवाला

नाही हो, डोसात फार अंतर आहे. त्या मुलांच्या मेंदूला सरासरी दीड ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) मिळाले होते. आजच्या एका सिटी स्कॅनमध्ये त्याच्या काही शतांशच मिळतात. धोका शून्य नाही, हेही खरं. ब्रिटनमधली २०१२ ची पाहणी सांगते की दहा वर्षांखालच्या मुलांच्या डोक्याचे १०,००० सिटी स्कॅन झाले तर पुढच्या दहा वर्षांत मेंदूची एक आणि ल्युकेमियाची एक जास्तीची केस होते. पडल्यावर मेंदूत रक्तस्राव झालाय का हे वेळेत कळणं त्यापुढे कितीतरी मोलाचं. विनाकारण पुन्हा पुन्हा स्कॅन करू नये, आणि एमआरआयने भागत असेल का हे जरूर विचारावं, कारण त्यात असे किरण नसतात. झालेल्या एका स्कॅनची रुखरुख बाळगू नका.

चिमणदाणा

जीव भांड्यात पडला. धन्यवाद.

सावरी

सगळ्यांचे आभार. दादाने धागा वाचला, पेशीवाल्यांचा तो लांब प्रतिसाद दोनदा. मोबाइलवाले प्रतिसाद वहिनीने घरच्या ग्रुपवर टाकलेत, तिथे सध्या शांतता आहे.

एक शेवटची शंका. आम्ही तिघं भावंडं, शिवाय दादाची दोन मुलं. आम्ही काही तपासण्या करून घ्यायच्या का?

पेशीवाला

जवळच्या नात्यात ग्लायोमा असेल तर धोका साधारण दुप्पट धरतात. पण जन्मभरात मेंदूचा कॅन्सर होण्याची शक्यता मुळातच एक टक्क्याहून कमी आहे, त्यामुळे दुप्पट होऊनही ती फारशी वाढत नाही. गाठीत सापडलेली ईजीएफआर, टर्ट वगैरे म्यूटेशन फक्त गाठीच्या पेशींत असतात, ती मुलांकडे जात नाहीत. घराण्यात काही खुणा असतील तर मात्र जनुकीय सल्ला घ्यावा: एकाहून जास्त जणांना मेंदूची गाठ, कमी वयात स्तनाचा कॅन्सर किंवा सार्कोमा (हाडांचा, स्नायूंचा कॅन्सर), अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे बरेच डाग, लहानपणीच ऐकू येणं कमी होऊन कानाच्या नसेवर गाठ. यातलं काही नसेल तर निरोगी माणसांनी खबरदारी म्हणून एमआरआय करत बसावं अशी शिफारस कुणी करत नाही. त्यात निरुपद्रवी काहीबाही दिसतं आणि मागे नवा घोर लागतो.

दादांच्या रिपोर्टमध्ये आयडीएचच्या पुढे 'वाइल्डटाइप' लिहिलं असेल. त्याला घाबरू नका, ते जनुक बदललेलं नाही एवढंच ते सांगतं. त्याच पानावर 'एमजीएमटी मिथायलेशन' अशी ओळ आहे का बघा. तिचा कारणांशी संबंध नाही, पण टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध किती लागू पडेल याचा अंदाज तिच्यावरून बांधतात. नसेल तर पुढच्या भेटीत विचारून घ्या.

सावरी

आहे ती ओळ. 'मिथायलेटेड' लिहिलंय.

पेशीवाला

चांगलं आहे. बाकी डॉक्टर सांगतीलच.